वाळीत टाकणं, गावकी आणि जातपंचायत : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं सामाजिक बहिष्काराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांसोबत बसतोय, अर्ज लिहून देतोय, पोलीस ठाण्यात सोबत जातोय. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. काही पीडितांचे असतात, काही पंचांचे, काही नुसत्या बघणाऱ्यांचे. मला जमतील तशी उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवतो आहे. कोणाचंही नाव-गाव दिलेलं नाही.

वाळीत टाकणं म्हणजे नेमकं काय होतं? बोलणंच बंद करतात ना?

बोलणं बंद करण्यापासून सुरुवात होते. मग दुकानदार सांगतो, "तुला माल दिला तर मला दंड बसेल." पिठाच्या गिरणीवर डबा परत येतो. रिक्षावाला थांबत नाही, शेतावर मजूर येत नाही. लग्नाची पत्रिका येत नाही आणि तुम्ही दिलेली कोणी घेत नाही. सगळ्यात शेवटी घरात मयत झालं की खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. या शेवटच्या भीतीपोटी लोक सगळ्यात जास्त वाकतात. "माझं काय व्हायचं ते होऊ दे हो, पण म्हातारीला उचलायला कोण येणार?" हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय त्याला मोजदाद नाही.

कोकणातलं एक घर सांगतो. मुलानं दुसऱ्या जातीतली मुलगी केली म्हणून गावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तिच्यासाठी लोक मुंबईहून रजा टाकून येतात. त्या वर्षीही या घरातल्या आजींनी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ताटात ओटी भरून ठेवली : खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू. ढोल जवळ आला. पालखी शेजारच्या घरी थांबली, नाचली. मग या घरासमोरून न थांबता पुढं गेली. खांदेकऱ्यांत त्यांचा सख्खा पुतण्या होता, तो खाली बघत चालला होता. आजी ताट हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या, ढोलाचा आवाज वाडीच्या टोकाला जाईपर्यंत. मला हे सांगताना त्यांनी मुलाला बोल लावला नाही, सुनेलाही नाही. एवढंच म्हणाल्या, "देव काय त्यांचा एकट्यांचा हाय?"

अजूनही असं होतं का? हे तर शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं.

होतं. रायगड आणि रत्नागिरीतल्या गावकीच्या तक्रारी, भटक्या-विमुक्त समाजांतल्या जातपंचायतींचे दंड, शहरांतल्या समाज-मंडळांचे ठराव हे सगळं याच काळातलं आहे. २०१३ साली नाशिकमध्ये एका गरोदर मुलीचा तिच्याच वडिलांनी जीव घेतला. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं आणि घरावर जातीचा दबाव होता. त्या घटनेनं महाराष्ट्र हादरला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान त्यानंतर हाती घेतलं, आणि अभियान नुकतं सुरू झालेलं असतानाच २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काम थांबलं नाही. त्यानंतर राज्यभरातून तक्रारी पुढं आल्या. त्या घटना तेव्हा नव्यानं घडत होत्या असं नव्हे, पण सांगायला जागा तेव्हा मिळाली.

हे अडाणी लोकांचं आहे. शिकलेल्या समाजात कुठं चालतं?

हा समज काढून टाका. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उठलं, त्यात लोकमान्य टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. आरोप करणारेही लिहिते-वाचते होते. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावानं, मुरुडनं, त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि आईला मुलगा घरी घेणं अवघड झालं. आगरकरांनी तर स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली. त्याआधी कितीतरी शतकं, संन्याशाची मुलं म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आजही ठराव गावात होतो, पण त्याची सूत्रं पुष्कळदा मुंबईतल्या मंडळाच्या हाती असतात. सभा गिरणगावातल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या एखाद्या खोलीत होते, हजेरी घेतली जाते, वर्गणीच्या वहीतून नाव कापलं जातं. त्यात बँकेत नोकरी करणारे असतात, शिक्षक असतात. ठराव आता व्हॉट्सअॅपवर फिरतो. तक्रारदारासाठी हे एका अर्थी बरंच झालंय, कारण पंच स्वतःच्या हातानं पुरावा लिहून देतात.

कायदा कधी झाला? त्याआधी काहीच नव्हतं का?

मुंबई राज्यात १९४९ सालीच वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला (ते प्रकरण खाली येईल). मग पन्नासहून अधिक वर्षं या राज्यात बहिष्कारासाठी वेगळा असा कायदा उरलाच नाही. पोलीस धमकी किंवा खंडणीची कलमं लावायचे, आणि बहिष्कार हा मूळ गुन्हा कागदावर कुठंच दिसायचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा एकमतानं मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला.

पण मागणी याहून फार जुनी आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल माणसांना मारहाण झाली, गावोगावी कोंडी झाली. बाबासाहेबांनी संस्थेला नाव दिलं बहिष्कृत हितकारिणी सभा आणि पत्राला दिलं बहिष्कृत भारत. ते शब्द त्यांनी उगाच निवडले नव्हते. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात गावाचा बहिष्कार हे अस्पृश्यांना दाबून ठेवण्याचं किती भयंकर हत्यार आहे ते नोंदलेलं आहे. गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. ज्या रायगड जिल्ह्यात महाड आहे, त्याच जिल्ह्यातून आजही बहिष्काराच्या तक्रारी येतात. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

कायद्यात गुन्हा कशाकशाला म्हटलंय? शिक्षा किती?

धार्मिक-सामाजिक विधी करू न देणं, लग्न किंवा अंत्यविधी अडवणं, मंदिर, स्मशान, समाजमंदिर, शाळा, दवाखाना यांपासून तोडणं, समाजातून काढून टाकणं, संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, ठरावीक कपडे किंवा भाषा लादणं, अशी मोठी यादी आहे. यादी वाचताना लक्षात येतं की करणाऱ्यांनी तक्रारी नीट ऐकल्या होत्या.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला द्यायचा आदेश न्यायालय करू शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. पण जामीनपात्रही आहे, म्हणजे पंच लगेच गावात परततात. बहिष्कारासाठी बैठक होणार असल्याचं आधी कळलं तर ती रोखण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाला आहे. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि वापरली तर सगळ्यात उपयोगी आहे. जातपंचायत नोंदणीकृत नाही, तिला "मंडळ" किंवा "विश्वस्त" म्हणतात, असल्या सबबी चालत नाहीत.

पीडित अनुसूचित जाती-जमातीतले आणि आरोपी त्याबाहेरचे असतील तर अॅट्रॉसिटी कायदाही लागतो. त्यात २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार स्पष्टपणे गुन्हा आहे. फिर्याद देताना तो नाव घेऊन सांगा.

आमच्या समाजाला पोलिसांनी कायम चोर मानलं. आमची पंचायत नसती तर आमचा न्याय कोणी केला असता?

हा प्रश्न एका भटक्या जमातीतल्या वयस्कर पंचांनी विचारला होता, रागानं नव्हे, कळवळून. त्याचं उत्तर एका ओळीत देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा गेला १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ज्यांना ठाण्याची पायरी चढणं म्हणजे मार खाणं एवढंच माहीत होतं, त्यांनी भांडणं कुठं न्यायची? पालावरचा माणूस कागद नसलेला, पत्ता नसलेला. मढीच्या यात्रेत वर्षातून एकदा सगळे भेटायचे, तिथं पंच बसायचे, देण्याघेण्याचे, सोडचिठ्ठीचे, उधारीचे निवाडे व्हायचे. कोर्टाच्या तारखांपेक्षा ते लवकर व्हायचे. हे खरं आहे आणि शहरातल्या सुधारकांनी ते ऐकून घेतलं पाहिजे.

पण त्या पंचांना मी उलट विचारलं, "दादा, तुमच्या पंचायतीत बाईला बसायला जागा होती का? जिचा निवाडा व्हायचा तिला तोंड उघडता यायचं का?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "तिच्या वतीनं बाप बोलायचा." तिथंच सगळं आलं. गरिबाला आधार देणारी जागा त्याच गरिबाच्या मुलीसाठी फासाची जागा झाली होती. दंड भरायला माणसं कर्ज काढत होती, शेळ्या विकत होती.

बदलाची उदाहरणंही याच समाजांतून आली आहेत. काही पंचायतींनी चर्चेनंतर स्वतःहून बरखास्ती जाहीर केली आणि पंचांनी पुढचं काम शिक्षणाचं, दाखल्यांचं धरलं. जातीचा दाखला मिळवून देणारा पंच समाजाला आजही हवा आहे. दंड घेणारा नको आहे.

बहुतेक प्रकरणांत मुलीचं लग्नच का असतं?

कारण जात टिकते ती लग्नातून. जमीन विकली, धंदा बदलला, मुंबईला गेलं तर जात काही म्हणत नाही. मुलीनं स्वतःच्या मर्जीनं जोडीदार निवडला की मात्र तिच्या मुळावर घाव बसतो, हे पंचांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८ च्या सुमारास लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली. पांढरी चादर, दुसऱ्या दिवशी पंचांसमोर "माल कसा होता" हा प्रश्न, यावर त्याच समाजातली पोरं-पोरी उघड बोलायला लागली. पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली, बोलणाऱ्या घरांना बहिष्कार सोसावा लागला. पुढच्या वर्षी राज्य सरकारनं अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानून गुन्हा ठरवण्याचं जाहीर केलं. मूल्यं बदलतात म्हणजे काय, तर असं : पंचविशीतली चार माणसं आपल्याच मामा-काकांसमोर उभी राहतात.

सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप (उत्तरेकडची जातपंचायत) किंवा कुठल्याही जमावानं पडणं बेकायदा आहे, आणि अशा जोडप्यांना संरक्षण व सुरक्षित निवारा द्यायला राज्यांना बजावलं. जोडप्यानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आधीच लेखी अर्ज द्यावा, त्यात या निकालाचा उल्लेख करावा. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते, त्या काळात घरच्यांना कळण्याची शक्यता धरूनच बेत करा.

धर्मातून कोणाला काढायचं हा त्या त्या धर्माचा हक्क नाही का?

१९६२ च्या निकालाचा गाभा हाच होता. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी, म्हणजे सय्यदनांनी, १९४९ च्या कायद्याला आव्हान दिलं. बहुमतानं न्यायालय म्हणालं की धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाचा आपला कारभार चालवण्याच्या हक्काचा भाग आहे. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरोधी मत लिहिलं. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारक बोहऱ्यांनी त्या बहिष्काराची किंमत आयुष्यभर मोजली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं १९६२ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

माझं मत सांगतो. पूजा कोणी सांगावी, दीक्षा कोणाला द्यावी हे पंथानं ठरवावं. पण माणसाला दफनभूमी, आईची भेट, दुकानातलं गिऱ्हाईक यांपासून तोडणं यात धर्म कुठं आला?

सगळ्या पक्षांनी कायद्याला पाठिंबा दिला. मग गावात प्रकरण झालं की नेते गायब का होतात?

विधानभवनात बोट वर करायला काही पडत नाही. गावात मात्र ज्या पंचाविरुद्ध तक्रार असते, तोच पुष्कळदा दोनशे मतं एकगठ्ठा देणारा असतो. तक्रारदाराच्या घरात मतं चार. सभामंडपाला निधी याच पंचांच्या हातून जातो, उमेदवाराचा नारळ यांच्याच हातानं फुटतो. मी एका लोकप्रतिनिधींना भेटलो तेव्हा त्यांनी चहा दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण निवडणूक झाली की बघू." निवडणूक झाली. ते घर अजून वाळीतच आहे.

पक्ष कुठलाही असो, हे सारखंच आहे. मूल्यांवरचा खरा वाद सभागृहात होतच नाही, तो जोत्यावर होतो आणि तिथं घर एकटं असतं.

उलटं उदाहरणही आहे, तेही आपलंच. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. "पंचायत" हा शब्द दोन्हीकडे आहे. पण एक घटनेनं चालते, तिच्यात महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. दुसरीच्या बैठकीत बाई दाराशीही नसते.

निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलचं काम केलं म्हणून वाळीत टाकलं. हेही यात बसतं?

बसतं. राजकीय कलावरून समाजातल्या माणसाशी भेदभाव करणं कायद्यानं नोंदलेलं आहे. आणि हे वाढतंय. ग्रामपंचायतीच्या निकालानंतरचा महिना आमच्यासाठी सगळ्यात धावपळीचा असतो.

तक्रार कशी करायची? पुरावा काय लागतो?

आधी वही करा. तारीख, वेळ, कोण, काय बोललं, कोणासमोर. दुकानदारानं माल नाकारला, लिहा. दंडाची पावती, मंडळाच्या सभेची सूचना, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट (फोन बदलला तरी जुना फोन विकू नका), वर्गणी परत केल्याची नोंद, सगळं जपा. मग पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, तरी नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे थेट जाता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

ठाण्यात म्हणाले, "गावातलं भांडण आहे, आपसात मिटवा."

जवळजवळ प्रत्येकाला हे ऐकावं लागतं. शांतपणे सांगा की गुन्हा दखलपात्र आहे आणि कायद्याचं नाव घ्या. छापील प्रत सोबत ठेवा. अनेकदा समोरच्या अंमलदारानंही तो आधी पाहिलेला नसतो. एकटे जाऊ नका.

दंड भरून मोकळं होऊ का? रोज मरण्यापेक्षा बरं.

हा निर्णय तुमच्या वतीनं मी घेणार नाही. ज्यांनी भरला त्यांना मी कमी लेखत नाही, त्यांच्या घरात लग्नाच्या मुली होत्या. पण पाहिलेलं सांगतो : दंड भरलेल्या घराला दुसऱ्यांदा दंड लावायला पंचांना वेळ लागत नाही.

तडजोडीचा एक कायदेशीर रस्ता आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं, आणि न्यायालय आरोपींना समाजसेवेसारख्या अटी घालू शकतं. त्यामुळे मिटवायचंच असेल तर देवळाच्या ओट्यावर पैसे मोजून मिटवू नका. गुन्हा नोंदवा, मग कोर्टासमोर मिटवा. पंचांनी सगळ्यांसमोर ठराव मागे घेतला याची नोंद कागदावर राहते, आणि पुढच्या शिमग्याला ती कामाला येते.

आम्ही त्या घराचे शेजारी आहोत. आमचा काही राग नाही, पण बोललो तर आम्हालाही पाच हजार दंड लावतील. आम्ही काय करायचं?

तुम्हाला धमकी देऊन संबंध तोडायला लावणं हाही गुन्हाच आहे, म्हणजे तक्रारदार तुम्हीही होऊ शकता. आणि तुमची साक्ष त्या घराच्या स्वतःच्या साक्षीपेक्षा कोर्टात जड पडते. आम्ही ज्या प्रकरणांत यश पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांत एका तरी शेजाऱ्यानं खरं सांगितलं होतं. ते लगेच जमत नसेल तर निदान मागच्या दारानं जाऊ नका. त्यांच्याकडे जायचं असेल तर दिवसाउजेडी, पुढच्या दारानं, चपला उंबऱ्याबाहेर सगळ्यांना दिसतील अशा काढून जा. आणि जमलं तर अजून एका घराला सोबत घ्या, कारण दोन घरांना दंड लावायला पंचांना पुन्हा बैठक बोलवावी लागते, आणि त्या बैठकीची खबर आम्हाला आधी द्या.